एकेचाळीस खांब आणि एक फडकं

आमच्या आणि मावशीच्या वाडीमध्ये मेंदीची वई आहे. वई आपली नावाला. मधोमध तिला खिंडार पडलंय, त्यातून कोंबड्या, पोरं आणि बातम्या ये-जा करतात. परवा सकाळची मिस्सा आटपून आले, केळीला पाणी लावत होते, तर त्या खिंडारातून मावशीचा हात आला आणि हातात एक खांब.

घराचा नव्हे हो. जिन्याच्या कठड्याचा. अडीच फूट लांब, मध्ये पोटासारखा फुगलेला, वर-खाली बारीक गळे, लेथवर कातलेला, आणि पॉलिशचे इतके थर चढलेले की चिंचेच्या कोळासारखा काळपट झालेला.

"बघ गं बाय, हा तुझ्या काकांच्या हातात आला."

"हातात आला म्हणजे?"

"म्हणजे हातातच आला! नाताळचा तारा काढायला माळ्यावर चढत होते. कठडा धरला आणि खांब बाहेर. खाली बघते तर पायरीवर पीठ सांडल्यासारखा भुसा."

मी खांबाचं खालचं टोक पाहिलं. आत मधाच्या पोळ्यासारखी भोकंच भोकं. भुंगा लागलेला. मावशीचे सासरे या जिन्याबद्दल काय काय सांगायचे! वाडा तालुक्याच्या बाजूचा अस्सल साग, शंभर वर्षं बघायला नको. आता सागाचंही असं आहे की त्याचा गाभा तेलकट, त्याला कीड सहसा शिवत नाही. पण सालीलगतचा पांढुरका भाग तिला गोड लागतो. कातणाऱ्याने त्या काळीसुद्धा काही खांब पांढऱ्या भागातून काढले आणि वरून गडद पॉलिश मारून दिले. म्हणजे फसवाफसवी आजची नाही. मावशीला मी हे सांगितलं तर ती म्हणाली, "हळू बोल. फोटो ओटीवर टांगलाय, ते ऐकतील."

मावशीच्या मुलाने त्याच रात्री जाहीर केलं की सगळे लाकडी खांब काढायचे आणि लोखंडी गज लावायचे. एकूण एकेचाळीस. सोळा पायऱ्या, दर पायरीला दोन, आणि वरच्या सज्जाला नऊ. आणि मग काय, आमच्या वसईच्या सांडोरात एका घराचा जिना मोडला की अख्ख्या आळीला पायऱ्या फुटतात. दूधवाला बोलला, भाजीला येणारी बोलली, पापडीला बँकेत रांगेत उभं असताना एक बाई मला विचारते, "तुमच्या शेजारी म्हणे जिना पाडतायत?" जिना नाही गं बाई, फक्त गज.

सगळ्यात जास्त विरोध काकांचा. काकांची सगळी नोकरी मुंबईत, चर्चगेटच्या बाजूला. वई ओलांडून ते स्वतः आले, लुंगी सावरत, आणि म्हणाले, "लोखंडी जिना कुठे असतो माहीत आहे का तुला? मागीलदारी!"

मला आधी कळेना. मग त्यांनी सांगितलं. गिरगाव, फोर्ट, ग्रँट रोड इकडच्या जुन्या इमारतींच्या पाठीमागे लोखंडी गोल जिना असायचा, भिंतीला चिकटून वर गेलेला. पुढचा जिना रुंद, सागवानी, त्याला कातीव कठडा, तो घरच्यांसाठी. मागचा लोखंडी जिना संडास साफ करायला येणाऱ्यांसाठी, म्हणजे त्यांची आणि घरच्यांची वाटेत गाठ पडायला नको. काकांच्या डोक्यात लोखंड म्हणजे तो जिना. मी त्यांना म्हटलं, "काका, माणसांना मागून चढायला लावलं ही शरम लावणाऱ्यांची. लोखंडाने काय केलंय?" काका थोडा वेळ गप्प राहिले. हे बरं, कारण ते सहसा राहत नाहीत.

पण मी वसईची. एकदा तोंड उघडलं की मिटायला वेळ लागतो. म्हटलं, "आणि काका, तुमच्याच ऑफिसच्या वाटेवर, काळ्या घोड्याला, ते वॉटसन हॉटेल? त्याचा सगळा सांगाडा लोखंडाचा, इंग्लंडमध्ये ओतून जहाजाने आणलेला. ल्युमिएर बंधूंचा सिनेमा आपल्या देशात पहिल्यांदा दाखवला तोही तिथेच, ७ जुलै १८९६ ला. ते काय मागीलदार होतं?"

काका म्हणाले, "आणि आज त्याची अवस्था काय आहे ती बघून ये."

या माणसाशी बोलण्यात अर्थ नाही. पण मुद्दा त्यांचा खोटा नव्हता, आणि तोच खरा बोलण्यासारखा आहे. लोखंड लावलं की सुटलो, असं मावशीच्या मुलाला वाटतं. इथे? भुईगावचा, रानगावचा समुद्र केवढासा लांब आहे? दुपारनंतरचा वारा खारट येतो. माझ्या घराच्या पश्चिमेच्या खिडकीचं ग्रिल आणि पूर्वेच्या खिडकीचं ग्रिल एकाच दिवशी बसवलं, एकाच डब्यातला रंग लावला. पश्चिमेचं कधीच फुगून पापुद्रे सोडायला लागलं, पूर्वेचं अजून नवऱ्या मुलासारखं उभं आहे. नायगाव आणि भाईंदरच्या मधल्या खाडीवरचा जुना बंद पडलेला रेल्वे पूल आठवा, म्हणजे आमच्या हवेला लोखंड किती आवडतं ते कळेल. आणि हे वसईचंच नाही. पॅरिसच्या आयफेल टॉवरला, १८८९ पासून उभा आहे तो, साधारण दर सात वर्षांनी नव्याने रंग द्यावा लागतो. मावशीला हे सांगितलं तर म्हणते, "मग त्यांच्यापेक्षा आपला जिना बरा. लहान आहे."

मधल्या काळात दोन कारागीर येऊन गेले. पहिला वालीवच्या बाजूला कुठेतरी गाळा असलेला फॅब्रिकेशनवाला. हातात टेप कमी आणि मोबाइल जास्त. एकामागून एक फोटो सरकवतोय: द्राक्षाची पानं, वेलबुट्टी, मध्ये पिळाच्या टोपल्या, टोकाला सोनेरी रंगाचा हात. "रॉट आयर्न, मॅडम." मावशी त्याला 'रोट आयर्न' म्हणते, आणि मला दर वेळी तव्यावरचा तांदळाचा रोट आठवतो.

आता यातही गंमत आहे. खरं घडीव लोखंड, जे लोहार तापवून ठोकून वाकवायचा, ज्यात राखेसारख्या मळीचे धागे असायचे, ते कारखान्यात निघणं १९७० च्या दशकातच जगभर थांबल्यासारखं झालं. आज दुकानात त्या नावाने मिळतं ते साधं माइल्ड स्टील, यंत्राने पिळलेलं. वाईट नाही, मजबूतच आहे. पण नाव उसनं. आणि काकांनी पाहिलेले ते जुने गोल जिने बहुतेक बिडाचे, म्हणजे साच्यात ओतलेले. बीड वजन पेलतं, पण हातोडा बसला की तव्यासारखं तडकतं. तीन वेगळ्या वस्तू, आपण सगळ्यांना लोखंडच म्हणतो.

त्या माणसाचं म्हणणं, गज एकेक लावत बसायचं कशाला? वर एक पट्टी, खाली एक पट्टी, मध्ये सगळे गज वेल्डिंग करून आख्खी चौकट आणतो आणि स्क्रूने ठोकतो. एका दिवसात काम. वरची सागाची पट्टीसुद्धा काढून टाकू, तिच्या जागी स्टीलचा पाइप. मागच्या आळीतल्या एका बंगल्यात तसा स्टीलचा चकचकीत कठडा आहे. मी बारशाला गेले होते. पाइपाला हात लावला आणि दवाखान्यात डॉक्टर भेटायची वाट बघतेय असं वाटलं. शिवाय स्टीलला गंज लागत नाही म्हणतात, पण समुद्राकाठी साध्या प्रतीच्या स्टीलवर चहाचे शिंतोडे उडाल्यासारखे डाग पडतात. त्या घरच्या बाईने डागांवर क्रोशाचा रुमाल टाकलाय. मी काही बोलले नाही. इथे बोलतेय.

दुसरा आला तो आमचा जुना मेस्त्री. त्याने फोटो दाखवले नाहीत. खिशातून पटाशी काढली आणि तिच्या मुठीने एकेक पायरी ठोकत वर गेला, कान लावून, वैद्य पाठ ठोकतो तसा. मावशीचा मुलगा म्हणाला, अहो, खांब बदलायचेत, पायऱ्या नाही. मेस्त्री म्हणाला, "भुंगा खांबातून पायरीत उतरला असेल तर गज सोन्याचे लावलेत तरी जिना बसेल." सोळाही पायऱ्या टणक वाजल्या. तिथे ठरलं की काम मेस्त्री करणार, आणि गज नुसते कापून गाळ्यावरून आणायचे.

आणि मग सूनबाई बाहेर आली.

इतके दिवस हा सगळा खटला चालू होता आणि तिला कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही, खोटं कशाला बोलू. ती आली ती हातात फडकं घेऊनच. म्हणाली, "एका खांबाला सात गळे आहेत. एकेचाळीस सत्ते दोनशे सत्याऐंशी. नाताळच्या आधी आणि ईस्टरच्या आधी प्रत्येक गळ्यात बोटाने फडकं घालून मी पुसते. तुमच्यापैकी कुणी एकदा तरी पुसलेत?"

काका छताकडे बघायला लागले. मुलाला फोन आला. वाजला मात्र नाही.

"मला सरळ गज हवेत. चौकोनी. पानं नकोत, द्राक्षं नकोत, टोपल्या तर बिलकूल नकोत. वरून खाली एक हात फिरवला की झालं पाहिजे."

मला वाटतं, तो जिना बांधल्यापासून त्याच्याबद्दल निघालेलं हे पहिलं अकलेचं वाक्य. कठड्याची शोभा पाहुण्यांनी बघायची, त्याचा अभिमान पुरुषांनी मिरवायचा आणि धूळ सुनेने काढायची, ही वाटणी आमच्याकडे इतकी मुरलीय की मलाही ती तेव्हाच दिसली. माझ्या घरी जिना नाही, म्हणून वाचले. पण शोकेस आहे. असो.

पुढचा घोळ मात्र मी घातला, आणि चांगला घातला. सूनबाईने सरळ गज म्हटल्यावर मुलगा म्हणाला, मग सोपं आहे, जुन्या भोकांतच एकेक लावू, एकेचाळीस. मी म्हटलं, थांब रे. खांब दोन इंच जाड आहे. गज अर्धा इंचाचा. पायरी दहा इंच, तीवर दोन, म्हणजे मध्यापासून मध्यापर्यंत पाच इंच. आज दोन खांबांच्या मधली फट तीन इंच. गज लावलास की फट साडेचार. आणि घरात तीन वर्षांचं पोर.

मावशीची भाची अमेरिकेत आहे. तिचं घर बांधताना इन्स्पेक्टर आला, तेव्हा तिने सांगितलं होतं: तिथला नियमच असा की कठड्याच्या फटीतून चार इंची गोळा जाता कामा नये, जिन्यावर फार तर थोडी सूट. कारण पोराचं अंग आधी सरकतं आणि डोकं मागे अडकतं, अंग लोंबकळतं. आमच्याकडे चार इंची गोळा कुठून आणायचा? मावशीने सोललेला नारळ आणला, शेंडी काढून. मेस्त्रीने दोन गज पुठ्ठ्यावर साडेचार इंचांवर धरले. नारळ सुळकन पलीकडे. मावशीने तोंडावर हात ठेवला आणि क्रूस केला.

मग हिशेब बदलला. दर पायरीला तीन गज, सोळा त्रिक अठ्ठेचाळीस, सज्जाला तेरा, एकूण एकसष्ट. फट जेमतेम तीन इंच. जुन्या खांबांची भोकं जिथे मोकळी राहतील तिथे सागाचा डट्टा ठोकून रंधा मारायचा.

काका लगेच, "एकसष्ट लोखंडी गज! जिना वजनाने खाली येईल."

म्हटलं, आणा इकडे. माझ्या ओटीवर भाजीचा काटा आहेच. त्यावर मावशीचा तो सागवानी खांब ठेवला: साडेपाचशे ग्रॅम, भुंग्याने खाल्लेलं सोडून. गजाचं वजन तोलायची गरज नाही, गाळ्यावरच्या पोरालाही पाठ असतं. गोल गज असेल तर मिलिमीटरमधल्या जाडीचा वर्ग करायचा आणि १६२ ने भागायचं, मीटरमागे किलो निघतात. चौकोनी बारा मिलिमीटरचा गज मीटरला एक किलो एकशेतीस ग्रॅम भरतो. आपला गज अडीच फुटांचा, म्हणजे साडेआठशे ग्रॅमच्या आसपास. एकसष्टांचे मिळून बावन्न किलो. जुन्या एकेचाळिसांचे साडेबावीस. फरक तीस किलोच्या आत. सिमेंटची गोणी पन्नासची असते. ती खांद्यावर घेऊन गवंडी याच जिन्यावरून गच्चीवर गेला होता तेव्हा काका खाली चहा पीत होते.

काम मेस्त्रीने कसं केलं ते बघण्यासारखं होतं, म्हणून मी केळी सोडून तिथेच बसले. जुना खांब आधी मधोमध करवतीने कापला आणि दोन्ही तुकडे पिळून काढले. हातोडा नाही, खेचाखेच नाही. वरची सागाची पट्टी तशीच ठेवली. तिच्यात खालून दीड इंच खोल भोक, समोर पायरीत अर्धा इंच, दोन्ही ओळंब्यात. गज मधल्या मापापेक्षा एक इंच लांब कापायचा. आधी वर पूर्ण सरकवायचा, मग खाली सोडायचा. अर्धा इंच वर राहतो, अर्धा खाली बसतो. चौकोनी गजाची टोकं ग्राइंडरवर गोल करून घेतली, नाहीतर गोल भोकात कोपरे मावत नाहीत. वरची पट्टी उतरती, म्हणून एका पायरीवरचे तीन गज तीन वेगळ्या लांबीचे. आणि जुन्या घराच्या पायऱ्या कुठे एकसारख्या असतात? प्रत्येक गज वेगळा मोजला, खडूने त्याच्यावर नंबर घातला.

रंग बसवायच्या आधी. ग्रीस पुसून, पॉलिशपेपर मारून, रेड ऑक्साइड, मग काळा ऑइलपेंट दोन हात. टोकांनासुद्धा, जी लाकडात जाऊन दिसेनाशी होणार. मुलगा म्हणाला, आत कोण बघणार? मेस्त्री म्हणाला, "गंज बघणार." पावसाळ्यात लाकूड ओल धरतं आणि भोकातला गज आतून कुजतो, बाहेर रंग तुकतुकीत आणि आत सुपारीसारखा भुगा. शिवाय एकेक गज सुटा असला की पुढे खराब होईल तेवढाच बदलता येतो. वेल्डिंगच्या चौकटीत गंज जोडापासून सुरू होतो आणि मग सगळीच उतरवावी लागते.

सागाच्या पट्टीबद्दल थोडं सांगते. काकांनी तिच्यावर पाणी सोडायला साफ नकार दिला, आणि या एका गोष्टीत मी त्यांच्या बाजूने होते. वळणावर जिथे अंगठा टेकतो तिथे तिला एक खळगा पडलाय. काकांच्या आजोबांचा, वडिलांचा, त्यांचा स्वतःचा, सगळ्यांचा अंगठा तिथेच टेकत आला. रात्री वीज गेली की काका त्या खळग्यावरून ओळखतात की आता तीन पायऱ्या राहिल्या. पाइपाला असा खळगा कधी पडणार?

राहिले जुने खांब. आमच्या वसईला वस्तूंनी घर बदलायची सवय आहे. १७३९ साली चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला तेव्हा इथल्या चर्चच्या घंटा घाटावर गेल्या. एक नाशिकला नारोशंकराच्या देवळात आहे, एक वाईजवळ मेणवलीच्या घाटावर.  कापलेले खांब त्या मानाने किरकोळ. मुलगा म्हणत होता, ओशिवऱ्याच्या जुन्या फर्निचरच्या बाजारात विकू. पण मधोमध कापलेले आणि भुंग्याचे कोण घेणार? भुंग्याचे एकवीस निघाले. ते मावशीने त्याच संध्याकाळी आंघोळीच्या पाण्याच्या चुलीत घातले, म्हणजे भुंगा दुसरीकडे जायला नको. उरले वीस. त्यातल्या तीन खांबांचे वरचे तुकडे आळीतल्या पोरांनी स्टंपांना नेले. बेल्स ठेवायला वरून आयते गोल, त्यामुळे बेल्स टिकत नाहीत आणि दर चेंडूला भांडण.

गज बसून आठवडा झाला. सूनबाईने काल जिना पुसला. मी वईपलीकडून वेळ लावली होती. सात मिनिटं. काका अजून पुढच्या दाराने आत येतात, जिन्याकडे न बघता वर जातात, आणि उतरताना पट्टी धरतात. मला मावशीने वाटणीचे दोन तुकडे दिले, न पोखरलेले, मी बघून घेतले. त्यांच्यावर कारल्याचा वेल चढवलाय.